पाझर म्हणजे गळती नव्हे

तायडे मॅडम कामावर यायच्या तेव्हाच दमलेल्या असायच्या. संध्याकाळी दमलेली माणसं सगळीकडेच दिसतात, त्यात नवल नाही. या बाई मात्र सकाळी कंपनीच्या गेटातून आत येतानाच असा चेहरा करून यायच्या, की पाहणाऱ्याला वाटावं रात्रपाळी संपवून घरी निघाल्यात आणि चुकून उलट्या वळल्यात. पर्स टेबलावर टाकायची, चष्मा ओढणीला पुसायचा, खुर्चीत बसायचं आणि समोर जो कोणी उभा असेल त्याला म्हणायचं, "दमलेय मी. सांगा."

नवीन माणूस त्यातलं पहिलंच ऐकायचा. राहू द्या मॅडम, नंतर येतो, असं काहीतरी म्हणायचा आणि बोलणी खायचा. "दमलेय म्हटलं, मेले नाही. सांगा म्हटलं ना?" मग तो बिचारा सांगायचा आणि मॅडम त्याच्या तेवढ्याशा तक्रारीमागे दिवसभर लागायच्या. त्यांच्या दमण्यानं कुणाचं काम अडलंय, असं मी तरी पाहिलं नाही. आमचीच दमछाक व्हायची.

माणसांना त्या नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी धुळ्याचा, म्हणून "धुळेकर". अकाउंटचा जोशी भुसावळचा, म्हणून नुसता "भुसावळ". "ओ भुसावळ, लेट आहात का आज?" हा विनोद त्यांनी किती वर्षं केला, देव जाणे, आणि प्रत्येक वेळी हसल्या त्या एकट्याच. त्या स्वतः जामनेरच्या. एकदा मी धीर करून त्यांना "जामनेरकर" म्हणालो, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मला मॅडम म्हणा. शिकायला फार त्रास झालाय मला."

आमची कंपनी जळगावच्या एमआयडीसीत, मूळची ठिबकच्या नळ्यांची. केळीच्या बुंध्याला थेंब थेंब पाणी पाजायचं, हा आमचा धंदा. कुठल्याशा प्रदर्शनातून परत आल्यावर आमच्या शेठच्या डोक्यात आलं, की झाडाला थेंबानं पाणी देतो तर माणसाला थेंबानं औषध का देऊ नये. शुगर असलेली लहान पोरं दिवसातून चार-चार वेळा इन्शुलिन टोचून घेतात. त्यांच्यासाठी काडेपेटीएवढा पंप करायचा. तो दंडावर नाहीतर पोटावर चिकटवायचा, त्याच्या पोटात औषधाची कुपी, खालून केसासारखी बारीक नळी कातडीखाली, आणि दिवसभर ते आपोआप जात राहणार. जेवायच्या आधी बटण दाबलं की जरा जास्त जाणार. बाहेरचे असे पंप आपल्याकडच्या माणसाला परवडत नाहीत, आपण परवडणारा करू, असं शेठचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता. उत्साही होता, एवढंच.

त्या खात्यावर तायडे मॅडमना आणलं, कारण ठिबकच्या तपासणीत त्यांच्याएवढं कुणालाच कळत नव्हतं. मला आणलं कारण मी मोटर आणि बॅटरीवाला. आणि तपासायला इलियासभाई, जे मॅडमच्या हाताखाली आधीपासून होतेच. जळगावच्याच जुन्या वस्तीतले, शांत, स्वच्छ माणूस, खिशात कायम धुतलेला रुमाल.

पंप करणं सोपं, तो न गळणारा करणं अवघड. हे मला पहिल्या वर्षातच कळलं. एवढ्याशा डबीत कुपी, मोटर, बॅटरी, नळी, सगळं एकाला एक चिकटून. कुपीला जिथे नळी जोडली, तिथे रबराची एक रिंग. सगळा खेळ त्या रिंगेवर. माणूस घामाघूम होणार, आंघोळ करणार, कुशीवर झोपणार, आणि तरी तिथून काही बाहेर यायचं नाही. शेठ एकदा टेबलाशी येऊन म्हणाले, "मॅडम, एखादा थेंब इकडेतिकडे झाला तर काय मोठं?" मॅडमनी सुईनं टेबलाच्या काचेवर इन्शुलिनचा एक थेंब सोडला आणि म्हणाल्या, "हे एका पोराचं जेवण झालं शेठ. आता ते पोरगं जेवलंय आणि औषध टेबलावर आहे. बोला." शेठनी तो थेंब बघितला आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

पुढचे दिवस मॅडम पंप अंगावर घेऊन वावरायच्या. सुई नसलेला, पाणी भरलेला. त्यांनी तो घालून भांडी घासली, कणीक मळली, रिक्षात खड्डे खाल्ले. भाचीच्या लग्नाला जामनेरला गेल्या तेव्हाही दंडावर तो होताच. तिथे ज्यानं त्यानं विचारलं, हाताला काय झालं. बाईंनी प्रत्येकाला वेगळं सांगितलं. एकीला म्हणाल्या मधमाशी चावली, दुसरीला म्हणाल्या मोबाइलचा नवीन प्रकार आहे, आणि मामेसासऱ्यांना म्हणाल्या, "आबा, हे मन लागून राहावं म्हणून लावतात." म्हातारा म्हणे दिवसभर त्यांच्या मागे होता, मलाही एक आण म्हणून. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, वरातीत मॅडम नाचल्यासुद्धा. कामावर आल्या त्या तशाच दंड पुढे करून. "बघा धुळेकर, घामानं निघाला नाही. चिकटपट्टी पास. मी मात्र दमले." त्या दिवशी त्यांना इतकं खूश पाहिलं, की त्या दमल्यात यावर माझा विश्वासच बसेना.

आता एक गोष्ट मागची सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पंपाच्या फार आधी, मॅडम ठिबकच्या तपासणीवर नवीन होत्या तेव्हाची. तिथे नळ्यांच्या जोडाला जरा ओल दिसली की पोरं माल बाजूला काढायची. ढीग लागला. शेतकरी मोसमाच्या तोंडावर दारात आणि माल तपासणीत अडकलेला. मॅडमनी मग सगळ्यांना उभं करून नियम घालून दिला. थेंब लोंबला, तर गळती. नुसतं ओलसर दिसलं, तर पाझर. पाझर म्हणजे गळती नव्हे, माल पुढे जाऊ द्या. नियम चुकीचा मुळीच नव्हता. शेतात जोडाला जरा ओल आली तर तिथली माती पिऊन घेते, कुणाचं काही जात नाही. पोरांनी तो असा पाठ केला, की चहाच्या टपरीवर कपाला ओल दिसली तरी म्हणायची, पाझर आहे रे, गळती नाही. मॅडमचं सगळ्यात जास्त नाव झालं ते या वाक्यानं.

पंप तयार झाला, परवानग्या आल्या, आणि धुळ्याच्या एका डॉक्टरांकडे तो काही पोरांवर वापरून बघायचं ठरलं. डॉक्टर ओळखीचे, माणूस सरळ. धुळ्याला जाणं-येणं माझ्याकडे आलं, कारण घर तिथेच. मॅडमही यायच्या. एसटीत खिडकीशी बसायच्या, पारोळा येईपर्यंत झोपायच्या आणि उठून म्हणायच्या, "झोपून दमले."

तिथे हर्षदा भेटली. नववीत होती. तिचे वडील गरम जिलबीची गाडी लावत. घर मागच्या गल्लीत, पुढच्या खोलीत भट्टी, पाक, परातीत जिलब्यांचा ढीग, आणि त्यात ही पोरगी, जिला साखर वर्ज्य. देवाला कधीकधी विनोद सुचतो, तो असा. पंप लावायच्या आधी ती शाळेच्या संडासात जाऊन सुई टोचून घ्यायची, कारण वर्गात पोरी बघायच्या. पंप आल्यावर ओढणीच्या आडून बटण दाबायची आणि सगळ्यांबरोबर डबा खायची. पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा तिनं मॅडमना हात धरून घरभर फिरवलं, भट्टी दाखवली, आपलं दप्तर दाखवलं. "मॅडम, आता मी सहलीला पण जाणार," म्हणाली. जळगावपर्यंत मॅडम त्यावरच बोलत होत्या.

थंडी गेली. ऊन चढलं. आमच्याकडचं ऊन ज्यानं बघितलंय त्याला सांगायची गरज नाही. आणि हर्षदाची शुगर दुपारची वाढायला लागली. सकाळी बरी, दुपारी चढलेली. कुठल्या दिवशी चढते, ते तिच्या आईनं बरोबर हेरलं. पोरगी ज्या दुपारी भट्टीजवळ बसून वडलांना हातभार लावते, त्या दुपारी. यापुढे कुणाला काय सांगायचं? आई आम्हाला म्हणाली, "आमना घरमा जिलबीना धंदा शे, मॅडम. पोरना हात मी कोठे कोठे धरू?"

"मी खात नाही," हर्षदा म्हणाली. "आई, मी खात नाही."

मॅडमनी तिला बाजूला घेतलं. मी दारात उभा होतो, ऐकू येत होतं. मॅडम फार प्रेमानं बोलत होत्या, मला अजून आठवतंय. खाल्लं असशील तर सांग, मी रागावणार नाही, डॉक्टरही रागावणार नाहीत, आपण औषध वाढवू. पोरगी खाली बघून म्हणाली, "मशीनला दुपारी वास येतो. दवाखान्यासारखा." मॅडम म्हणाल्या, "औषध आहे ना आत, वास येणारच." पोरगी म्हणाली, "खाल्लंच नाही, तर काय सांगू?"

परतीच्या एसटीत मॅडम झोपल्या नाहीत. पारोळ्याला मला म्हणाल्या, "खोटं बोलत नाहीये असं वाटतं. पण पंप ओके आहे, धुळेकर. गरम खोलीत ठेवून तपासलेत. इलियासभाई म्हणतात, गळती नाही. इलियासभाईंचा शब्द मी कसा खोटा मानू?" मग स्वतःशीच म्हणाल्या, "लहान आहे. समोर परात आहे. मी असते तर मीही खाल्ली असती." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन करून तसंच कळवलं. पंपात दोष नाही, मुलगी खाते.

झालं. मॅडमनीच म्हटल्यावर पुढे बोलायला कोण राहिलं? जिलबीची परात कुलपात गेली. वडील पोरीशी बोलेनासे झाले. लहान भाऊ तिला गल्लीत सगळ्यांसमोर "चोरटी" म्हणायला लागला. शेवटी दुपारपुरती तिला मावशीकडे पाठवायचं ठरलं. मावशीचं घर देवपुरात, पत्र्याचं, आणि तिथे गोडाचं नावही नाही. मावशी म्हणे चहाची साखरसुद्धा शेजारी ठेवून यायची. त्या मावशीच्या घरातून एका दुपारी हर्षदाला दवाखान्यात न्यावं लागलं. उलट्या, तोंड कोरडं, श्वास खोल खोल. शुगर इतकी चढलेली की डॉक्टरांनी पंप काढून ठेवला आणि आधी सलाईन लावलं. आणखी उशीर झाला असता तर काय, हे त्यांनी मला फोनवर सांगितलं. ते मला इथे लिहायचं नाही.

पोरगी वाचली. मी मॅडमच्या टेबलाशी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पर्स टाकली नाही, चष्मा पुसला नाही, दमलेय म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मावशीकडे काय खाल्लं होतं?"

"भाकरी आणि गिलक्याची भाजी."

मॅडम उठल्या आणि सरळ गरम खोलीत गेल्या, मी मागोमाग. ही आमची आतून पत्रा मारलेली खोली, हीटर लावून मे महिन्यासारखी तापवायची आणि पंप त्यात ठेवायचे. इलियासभाई काम करत होते. मॅडम कोपऱ्यात स्टूल घेऊन बसल्या. इलियासभाईंना सवय होती, ते आपलं काम करत राहिले. एक पंप उचलायचा, पलटायचा, जोड बघायचा, अंगठा फिरवायचा, रुमालाला पुसायचा, ओके म्हणून पुढे. दुसरा पंप. जोड, अंगठा, रुमाल, ओके.

"इलियासभाई," मॅडम म्हणाल्या, "काय पुसलंत?"

"काही नाही मॅडम. पाझर होता."

"कुठे?"

"रिंगेला. गरममध्ये येतो जरासा. थोड्या वेळानं आपोआप वाळून जातो."

"मग मला सांगत होतात, गळती नाही."

इलियासभाईंना प्रश्नच कळला नाही. "गळती कुठे आहे? थेंब नाही लोंबला एकदाही. तुमच्यासमोर सांगतो. पाझर आहे नुसता."

मी मॅडमकडे बघायचं टाळलं. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्हीच ना, मॅडम," इलियासभाई म्हणाले. त्यांना वाटलं, मॅडम परीक्षा घेऊन राहिल्यात.

त्या दिवशी मॅडमनी दहा-बारा पंप न पुसता समोर मांडून ठेवले आणि बघत बसल्या. डबीचं प्लास्टिक गरमीनं फुगत होतं, रिंग जिथल्या तिथे राहत होती, आणि दोन्हींमध्ये नखभरही नाही इतकी फट पडत होती. त्यातून ओल यायची, डोळ्यांदेखत वाळायची, मागे काहीच उरायचं नाही. आम्ही सगळे ठिबकवाले. पाण्यानं तपासणार, कारण आयुष्यभर पाण्यानंच तपासलेलं. पाणी वाळलं की डागही नाही, वासही नाही. पंपात इन्शुलिन असतं तर खोलीभर दवाखान्याचा वास सुटला असता. तो वास एका नववीतल्या पोरीला आला होता आणि तिनं तो सांगितलाही होता. भट्टीजवळ बसली की पंप तापत होता. मावशीच्या पत्र्याखाली तर विचारायलाच नको. जिलबी बिचारी परातीत पडून होती, तिचा काही संबंध नव्हता.

इलियासभाई संध्याकाळी माझ्याकडे आले. डोळे लाल. "साहेब, माझी चूक झाली का?" मॅडमच मागून आल्या. म्हणाल्या, "तुमची नाही. तुम्हाला शिकवलं तेच तुम्ही केलंत. घरी जा, रोजा सोडायची वेळ झाली." ते गेल्यावर मला म्हणाल्या, "धुळेकर, मी शब्द दिला आणि त्याला कुंपण घालायला विसरले. शेतातला शब्द पोरीच्या दंडावर आला." मग त्यांनी घरची बस पकडली.

शेठपुढे बोलणं झालं तेव्हा मी होतो. मॅडम म्हणाल्या, सगळे पंप परत घ्यायचे, धुळ्याच्या डॉक्टरांना आणि परवानगीवाल्यांना खरं कारण कळवायचं. शेठचा चेहरा उतरला. ते म्हणाले, रिंग बदलू, जाड लावू, गुपचूप बदलून देऊ. मुलगी बरी झालीय ना? तिच्या घरी जिलबीचा धंदा आहे, सगळे मानूनच चाललेत. कशाला आपण होऊन सांगायचं? आपण सांगितलं की परवानगी जाणार, पैसा लावलेले लोक हात काढून घेणार, खातं बंद पडणार, आणि मग चांगला पंपही कुणाला मिळणार नाही. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. मी तर मनातून त्यांच्याच बाजूला होतो, माझीही नोकरी होती.

"शेठ, पोरीला चोर म्हटलंय मी," मॅडम म्हणाल्या. "दमलेय मी, मला वाद घालता येत नाही. पण हे सांगायला मी धुळ्याला जाणार. तुम्ही नाही म्हणालात तरी."

गेल्याच त्या. मी बरोबर. हर्षदा घरी आलेली, अशक्त, खाटेवर बसलेली. दवाखान्यातून आल्यावर तिनं हट्टानं पंप पुन्हा लावून घेतला होता. डॉक्टरांनी सकाळ-दुपार-संध्याकाळ रक्त तपासायच्या अटीवर लावू दिला होता, तेव्हा आमचं त्यांना कळवून व्हायचं होतं. मॅडम बसल्या नाहीत. म्हणाल्या, वडलांना बोलवा, भावाला बोलवा, मावशीलाही फोन करून बोलवा. ज्यांच्या-ज्यांच्यासमोर तिला बोल लागला होता, ते सगळे हवे होते त्यांना. गाडीवरून वडील आले, हाताला पीठ तसंच. गल्लीतल्या दोन बायाही दारात आल्या. मग मॅडमनी सांगितलं. कुठलाही इंग्रजी शब्द न वापरता, आडवळण न घेता. हिनं खाल्लं नव्हतं. मशीन पाझरत होतं. ही खरं सांगत होती आणि मी खोटं मानलं. डॉक्टरांनाही मीच चुकीचं सांगितलं.

वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आईनं पदर तोंडाला लावला. हर्षदाच म्हणाली, "म्हणजे मी चोरून खात नव्हते."

"नाही."

तिनं भावाकडे बघितलं. तो पाय घासत होता. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघून मला वाटलं, बरं झालं आलो. पण पोर हुशार होती. लगेच तिच्या लक्षात आलं.

"मग आता हे काढणार?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

"नवीन कधी देणार?"

मी मॅडमकडे बघत होतो. सांगा की लवकर. सांगा की पुढच्या वर्षी. कोण आपल्याला पकडणार आहे, पोरीला तेवढाच आधार. मॅडम म्हणाल्या, "नाही येणार नवीन. ते काम बंद होईल आता. माझ्या हातून तरी येणार नाही."

पोरगी एकदम चिडली. "मग कशाला आलात सांगायला? आता परत शाळेत सुया, परत संडासात. त्यापेक्षा खोटारडी म्हणत होते तेच बरं होतं. मशीन तरी होतं." तिनं स्वतःच दंडावरून पट्टी ओढून काढली, कातडी लाल झाली, आणि पंप मॅडमच्या हातात ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. मॅडमनी तो घेतला. तिला जवळ घ्यायला गेल्या नाहीत, समजूत घातली नाही. हो, तुझं बरोबर आहे, एवढंच म्हणाल्या. आई डोळे पुसत उठली. "चहा मांडस, बठा मॅडम." आम्ही बसलो. चहा प्यालो. त्या घरातला चहा त्या दिवशी फार गोड होता.

पुढे शेठ म्हणाले होते तसंच झालं. खातं बंद पडलं. शेठनी मॅडमना काढलं नाही, पुन्हा नळ्यांवर घेतो म्हणाले, पण त्या थांबल्या नाहीत. टाकीच्या तोट्या करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात लागल्या. मी धुळ्याला येऊन इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. इलियासभाई अजून तिथेच आहेत. ते आता ओल दिसली की माल बाजूला काढतात, पाझर हा शब्द तोंडानं उच्चारत नाहीत, आणि नवीन साहेब त्यांच्यावर वैतागतात. आमचा पंप कुठे गेला, कुणी विचारत नाही. मधूनमधून मला वाटतं, आणखी दोन वर्षं मिळाली असती तर आम्ही तो नीट केला असता. मग वाटतं, जाऊ दे. वय झालं.

मॅडमना शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. माझी स्वतःची शुगर निघाली. लोकांच्या ज्या दुखण्यासाठी पंप केला, तेच आता आपल्या नशिबी, हसावं की रडावं कळेना. रिपोर्ट दाखवायला त्याच डॉक्टरांकडे रविवारी गेलो, तर बाहेरच्या व्हरांड्यात शुगरवाल्या पोरांच्या आया बसलेल्या आणि मधोमध तायडे मॅडम. केस बरेच पांढरे. एका बाईला शिकवत होत्या, उन्हाळ्यात इन्शुलिन मातीच्या मडक्यात कसं ठेवायचं. कंपाउंडर म्हणाला, त्या बरीच वर्षं येतात जळगावहून. पहिलं वर्षभर ती जिलबीवाल्याची मुलगी त्यांच्याशी बोलतसुद्धा नव्हती. समोरून निघून जायची. तरी यायच्या.

मी जाऊन बसलो. "काय धुळेकर, तुम्ही पण?" म्हणाल्या. मी रिपोर्ट दाखवला. त्यांनी वाचला, दोन गोष्टी सांगितल्या, एक शिवी दिली. तेवढ्यात हर्षदा आली. कॉलेजला आहे आता. व्हरांड्यात सगळ्यांसमोर उभ्या उभ्या कुर्ता जरासा वर करून इन्शुलिनचं पेन टोचलं, टोपण लावलं आणि मॅडमशेजारी टेकली.

"मॅडम, काल जिलबी खाल्ली."

"किती?"

"तीन. भावाचा साखरपुडा होता."

"औषध त्या हिशोबानं घेतलंस?"

"घेतलं."

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा मडक्याकडे वळल्या.

शेजारी एक नवीन आई बसली होती. मांडीवर चार-पाच वर्षांचं पोर, चेहऱ्यावर त्या सगळ्या आयांच्या चेहऱ्यावर असतो तो धसका. हर्षदा पाणी प्यायला उठली तशी ती मॅडमकडे सरकली आणि हळूच म्हणाली, "तीनच खाल्ल्या असतील का हो? पोरं काय, कमीच सांगतात."

मॅडमनी मडकं खाली ठेवलं.

"तीन म्हणाली ना," त्या म्हणाल्या. "तीनच."